दर्याचा घसारा

परवाच्या रविवारी मी पापलेट फूटपट्टीने मोजला.

पट्टी नातवाच्या दप्तरातली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. "निवृत्त झालात तरी इन्स्पेक्शनची खोड जात नाही तुमची," असे म्हणून ती मसाला वाटायला निघून गेली. मासा भरला बारा सेंटिमीटर आणि वर दोन रेघा. परातीतले बाकीचे तिघेही त्याचे सख्खे भाऊ शोभावेत असेच होते. आता, २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली आहे आणि त्यात पापलेटाची लांबी आहे १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमाशाचा मानही मिळाला. म्हणजे आमच्या परातीत चार राज्यमासे होते, आणि चारही अल्पवयीन.

आमच्या कोळीणबाईंकडून आम्ही बावीस वर्षे मासे घेतो. त्यांना मी हे सांगितले, तेव्हा त्या कोयत्याचे पाणी झटकत म्हणाल्या, "काका, मोठा हवा तर हॉटेलात बसून खा. आमच्या पाटीत मोठा येतोच कुठे? तो बंदरावरूनच बर्फात बसून परदेशी जातो." आणि मग जरा थांबून, "तो तरी आता कितीसा मिळतो म्हणा."

या अल्पवयीन माशाशी माझा एक जुना हिशेब आहे. कादंबऱ्या लिहिणारा माणूस म्हणून वाचकांतले काहीजण मला ओळखतात, पण त्याआधी आणि त्याच्याबरोबरीने मी जवळजवळ चाळीस वर्षे बँकेत नोकरी केली. त्यातली १९८७ ते १९९१ ही वर्षे मालवण तालुक्यातल्या एका शाखेत गेली. बँकेचे नाव सांगत नाही. तिने जे केले ते त्या काळी सगळ्याच बँका करत होत्या आणि ते चांगले काम आहे अशीच सगळ्यांची समजूत होती. माझीही होती. मासेमारी हे अग्रक्रमाचे क्षेत्र, कोळी-गाबीत समाज हा सावकाराच्या तावडीत सापडलेला, तेव्हा त्याला यांत्रिक नौका द्यायची आणि वर काढायचे. मी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. चार वर्षांत अकरा ट्रॉलरची कर्जे माझ्या शिफारशीने मंजूर झाली.

ट्रॉलर म्हणजे काय हे शहरातल्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. पिशवीसारखे एक लांबलचक जाळे नौकेमागे समुद्राच्या तळावरून ओढायचे. पिशवीचे तोंड उघडे राहावे म्हणून दोन बाजूंना दोन जड फळ्या असतात. त्या पाण्याच्या दाबाने एकमेकींपासून लांब सरकतात आणि तळाची माती उकरत पुढे जातात. जाळ्याच्या खालच्या काठाला वजन असते. हेतू कोळंबीचा, कारण कोळंबी तळाशी राहते आणि कोळंबीला परदेशात पैसा आहे. पण जाळ्याला हेतू कळत नाही. शेवंड, लेप, खेकडे, शंख, कोवळे पापलेट, चार बोटांची सुरमई, तळावरचे शेवाळ आणि स्पंजसुद्धा, जे वाटेत येईल ते पिशवीत. शेतात वांगी काढायला गेलेल्या माणसाने वाफे, बांध आणि मातीतली गांडुळे यांच्यासकट सगळे फावड्याने ओढून आणावे तसे. हे तंत्र आपल्याकडे रुजले ते केरळमार्गे. १९५० च्या दशकात नॉर्वेच्या मदतीने तिथे यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला, कोळंबीचे डॉलर दिसू लागले आणि मग सगळ्या किनाऱ्याला तीच तहान लागली. गोव्यात रापणकार सत्तरच्या दशकातच याच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. पण गोव्यातले आंदोलन आमच्या शाखेच्या फायलीत कुठे येणार?

फायलीत काय यायचे ते सांगतो, कारण गोम तिथेच आहे. कर्जाचा प्रस्ताव करायचा एक छापील नमुना होता. होडीची किंमत, इंजिनाची किंमत, जाळी, बर्फ, डिझेल, खलाशांचा वाटा. एका फेरीला सरासरी किती किलो मासळी, वर्षात किती फेऱ्या, किलोला काय भाव. त्यावरून वर्षाचे उत्पन्न आणि हप्ता फेडण्याची ताकद. मुदत सात वर्षे. होडीवर घसारा धरायचा, इंजिनावर त्याहून जास्त, जाळ्यांवर सर्वांत जास्त. फक्त मासळीचा आकडा पहिल्या वर्षापासून सातव्या वर्षापर्यंत एकच असायचा. भाव वाढता धरायचा, मासळी तेवढीच.

माझ्या तिसऱ्या की चौथ्या प्रकरणातला कर्जदार पंचविशीतला होता आणि जामीन म्हणून त्याचा चुलता आला होता. चुलता रापणीचा तांडेल. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे. होडीने ते समुद्रात अर्धगोल सोडून यायचे आणि मग पन्नास-साठ माणसांनी दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून ओढायचे. दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा. तांडेलकाकांना वाचता फारसे येत नव्हते म्हणून मी सगळा नमुना त्यांना वाचून दाखवला. ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसून ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले,

"सायबानू, सात वर्सां मासो तेवढोच गावतलो, ह्यां तुमका कोणी सांगल्यान?"

मी म्हटले, "काका, नमुना वरून येतो. सगळीकडे असाच असतो."

"होडयेचो घसारो धरल्यात, इंजिनाचो धरल्यात. दर्याचो खंय धरल्यात?"

शाखेतले सगळे हसले. मीही हसलो. तेही हसले, आणि सही करून गेले. पुतण्याचे भले व्हावे असे त्यांनाही वाटत होतेच. एक गंमत तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. मी रुजू झालो त्याच १९८७ साली सरकारने मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला होता. माझ्या एकाही प्रस्तावात त्याचा उल्लेख नाही.

इथवरचे अज्ञान म्हणून माफ होण्यासारखे आहे. पुढचे नाही. १९८९ च्या पावसाळ्यात, धंदा बंद आणि शाखेत शुकशुकाट अशा दिवसांत, मत्स्य खात्यातल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याने मला कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या पत्रिकेचा एक जुना अंक वाचायला दिला. अंक १९८० चा. त्यात दक्षिण कन्नड ते गोवा या पट्ट्यातल्या शिंगाळ्यांची हकीकत होती.

शिंगाळा हा मिशावाला, बिनखवल्याचा मासा. आपल्याकडे त्याला पापलेटासारखी प्रतिष्ठा नाही, पण त्याचे बापपण असे आहे की वाचून मी थक्क झालो होतो. मादी अंडी घालते ती गोटीएवढी मोठी आणि मोजकी. नर ती सगळी तोंडात घेतो आणि पिल्ले बाहेर पडून सावरेपर्यंत तोंडातच सांभाळतो. तेवढे दिवस तो खात नाही. खात नाही म्हणजे गळाच्या आमिषालाही लागत नाही. हजारो वर्षे गळ टाकणाऱ्या माणसाला हा उपाशी बाप सहसा सापडतच नव्हता, ही निसर्गाने केलेली सोय. मग १९७० च्या दशकाच्या मध्यावर कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्सिननेट आले. हे जाळे माशांच्या थव्याभोवती गोल सोडतात आणि तळाची दोरी ओढून बटव्याचे तोंड आवळावे तसे आवळतात. याला आमिष लागत नाही, भूक लागत नाही. थवेच्या थवे वर आले, तोंडात अंडी असलेल्या नरांचे. वर ओढताना अंडी तोंडातून सांडली आणि नौकांच्या फळ्यांवर त्यांचा खच पडला. शास्त्रज्ञांनी तेव्हाच धोक्याची सूचना दिली होती. पुढे त्या किनाऱ्यावरचा शिंगाळ्याचा धंदा बसला. तिथली रापणही पर्सिननेटपुढे काही वर्षांतच नाहीशी झाली.

मी तो अंक दोनदा वाचला. मग 'सर्वसाधारण पत्रव्यवहार' या फायलीत लावून टाकला. हे कर्नाटकातले, आणि पर्सिननेटचे, आपण तर ट्रॉलरला कर्ज देतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. नारळी पौर्णिमेनंतर धंदा सुरू झाला, तेव्हा आणखी दोन प्रस्तावांवर शिफारस लिहिली. दोन्हीत मासळीचा आकडा सात वर्षे तोच.

त्या वर्षांतली संध्याकाळची लिलावाची पुळण मला अजून दिसते. दोन माणसांनी बांबूला अडकवून आणलेली मुशी, हाताएवढ्या सुरमया (तिकडे इसवण म्हणतात), घोळ, दाढा, वाम. आज त्याच पुळणीवर जास्त दिसतात ती म्हाकुले, बळे, राणीमासे. राणीमासा तेव्हा कोणी उचलतही नसे. आता त्याचा लगदा करून परदेशी पाठवतात. हातभर माशाच्या जागी बोटभर मासा आला. हे नुसते कमी होणे नव्हे, समुद्रातला समाजच बदलणे आहे.

याची रीत अशी. मोठा मासा उशिरा वयात येतो, जास्त जगतो आणि लहान माशांना खातो. माणूस आधी मोठ्यालाच पकडतो, कारण पैसा त्यात. तो संपत आला की त्याच्या खालचा. डॅनियल पॉली नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली जगभरची आकडेवारी मांडून दाखवले, की माणसाची मासेमारी अन्नसाखळीची एकेक पायरी खाली उतरते आहे. दरम्यान वरचा खाणारा गेला म्हणून मधले कोणीतरी माजते. केरळात २००७ नंतर केंड मासा बेसुमार वाढला. हा फुगणारा, विषारी आणि दातांनी जाळी कुरतडणारा मासा. तिथल्या संशोधकांना आढळले, की केंडाला खाणारा मोडसा मासेमारीने कमी झाला होता. केंड आपल्या सिंधुदुर्गातही जाळी फाडतो. मासळी नाही ती नाही, वर जाळे गेले. मोडसा काय भावाने गेला हे वहीत लिहिलेले असते, पण तो केंडाला आवरून धरत होता त्या चाकरीचा भाव कोणी लावला नव्हता.

आणखी एक गोष्ट मला बँकवाला म्हणून फार लागली. मोठी मादी लहान मादीपेक्षा आकाराच्या मानाने कितीतरी जास्त अंडी घालते. मोठ्या ठेवीला जादा दर, तसाच हा प्रकार. आणि आपण वर्षानुवर्षे काय मोडले, तर नेमक्या मोठ्या ठेवी. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड माशाचे हेच झाले. मासेमारीचा ताण इतका, की कॉड कोवळ्या वयात, लहान असतानाच अंडी घालू लागला होता. १९९२ साली सरकारला तिथली मासेमारी बंद करावी लागली, तीसेक हजार माणसांचे काम गेले. वाटले होते दोन वर्षांत मासा परतेल. बंदी उठायला २०२४ साल उजाडले, आणि तीही थोडक्या कोट्यावर.

मग आपल्याला हे वेळेवर कळत का नाही? कारण आकडा लपवतो. माझ्या वेळचे ट्रॉलर पहाटे जाऊन संध्याकाळी परत येत. पुढे ते दोन दिवस, मग आठवडाभर बाहेर राहू लागले. इंजिने वाढली, मासे शोधणारी यंत्रे आली, होड्या वाढल्या. बंदरावर उतरणारी एकूण मासळी बरीच वर्षे कमी दिसली नाही. तेवढ्याच मासळीसाठी किती जास्त समुद्र खरवडावा लागतो, ते त्या आकड्यात नसते. आणि माणसाची आठवणही फसवी. याच पॉलीने १९९५ साली लिहिले होते, की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीचा समुद्र हाच मूळचा समुद्र असे धरून चालते. मी १९८७ च्या पुळणीचे कौतुक वर लिहिले. तांडेलकाकांच्या लेखी तीच पुळण ओस पडत चाललेली होती.

२०१९ साली महाराष्ट्राची सागरी मासळी २ लाख १ हजार टनांवर उतरली. कोचीच्या संस्थेने सांगितले, की गेल्या ४५ वर्षांतला हा नीचांक. त्या वर्षी वादळे फार झाली, मासेमारीचे दिवस बुडाले, हे खरे आहे. समुद्र तापतो आहे, शहरांचे सांडपाणी आहे, खारफुटी तुटली आहे, तेही खरे. तारलीसारखा मासा तर हवामानाबरोबर आपणहून खाली-वर होतो. केरळात २०१२ मध्ये तो सुमारे चार लाख टन मिळाला आणि २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही आत आला. याचे सगळे खापर जाळ्यांवर फोडता येणार नाही. पण ज्या खातेदाराची शिल्लक आधीच तळाला गेली आहे, त्याला एक आजारपणही पुरते.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे, म्हणजे मी बँकेत लागण्याच्याही आधीचा. १ जून ते ३१ जुलै बंदी असते. २०१६ मध्ये पर्सिननेटच्या परवान्यांना आणि हंगामाला कात्री लागली, २०१७ मध्ये रात्री समुद्रात एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने बंदी घातली. किमान लांबीचे वर सांगितलेच. त्यातही सुरमईची ठरवलेली लांबी आहे ३७० मिलिमीटर, म्हणजे सव्वा फुटाच्या आत. आणि सुरमई पहिल्यांदा अंडी घालते ती साधारण दोन फूट ओलांडल्यावर. पोरवयात पकडा पण अगदी तान्ही नको, एवढाच त्याचा अर्थ. तरीही काहीच नसण्यापेक्षा हे बरे, असे माझे मत आहे. कागद असला तर कधीतरी कोणीतरी तो काढून विचारू शकतो, हे मी फायलींत आयुष्य काढून शिकलो आहे. पाणी अफाट आणि गस्तीच्या नौका मोजक्या, त्यामुळे तोवर बरेचसे बायकांनी बाजारात मासा हातात घेऊन परत ठेवण्यावरच चालणार. आमच्याकडे आता ते सुरू झाले आहे. कोळीणबाई रागावतात.

मालवण सोडल्यावर मी तिथल्या दिवसांवर एक कादंबरी लिहिली. तिच्यात समुद्र पानोपानी आहे. कधी नियती म्हणून, कधी आई म्हणून, कधी काळ म्हणून. परवा ती चाळली. तीत मासा जेमतेम तीन ठिकाणी आहे, आणि तिन्ही ठिकाणी तो ताटात आहे.

दोन वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर, मी मुद्दाम तिकडे गेलो. तांडेलकाका जाऊन वीस वर्षे झालेली. पुतण्या भेटला, आता साठीचा, डोक्यावर टोपी, पर्यटकांना किल्ल्याकडे आणि डॉल्फिन दाखवायला नेणारी छोटी होडी चालवतो. माझे कर्ज त्याने मुदतीआधी फेडले होते. त्याबद्दल मला वरून शाबासकीचे पत्र आले होते. ते माझ्याकडे अजून आहे. माझ्या बदलीनंतर त्याने मोठ्या इंजिनासाठी दुसरे कर्ज काढले, मग त्याच्यावर तिसरे. ते थकले. ट्रॉलर विकून, बायकोचे दागिने मोडून खाते बंद झाले. हे सगळे त्याने चहा पिता पिता सांगितले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच अवघडायला झाले.

"हप्तो फेडूक मासो होयो होतो," तो म्हणाला, "मासो गावूक मोठां इंजिन होयां होतां, नि इंजिनाक परत बँक होयी होती."

मी त्याला १९८९ च्या त्या अंकाबद्दल सांगितले. फायलीत लावून टाकला तेही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सांगलां असतात तरी मी आयकूचंय नाय, सायबानू. वय होतां ता." एवढे बोलून उठला, कारण खाली पुळणीवर रापण लागली होती.

आम्ही खाली गेलो. माणसे पूर्वीच्या मानाने थोडी. अर्ध्याअधिक दोऱ्या मुंबई-पुण्याकडचे पर्यटक हौसेने ओढत होते आणि एकमेकांचे फोटो काढत होते. मीही बूट काढून दोरी धरली. वीसेक मिनिटांत तळहात सोलले. जाळे आले, त्यात मुख्यतः पेडवे, थोडे बांगडे, एक छोटा कासवाचा जीव, जो पोरांनी लगेच उचलून पाण्यात सोडला. वाटे घालणाऱ्याने माझ्यापुढे ओंजळभर पेडवे टाकले. मी नको म्हणत होतो.

"दोरयेक हात लावल्यात मां? मगे वाटो तुमचो," पुतण्या म्हणाला.

मी एक पेडवा उचलून तळहातावर आडवा धरला. बोटांच्या पेरांवर मोजू लागलो. "लहान नाहीत ना रे हे?"

तो पहिल्यांदा मोठ्याने हसला. "सायबानू, पेडवो एवढोच आसता. ह्यो पुरो वाढललो मासो."

रात्री त्याच्या बायकोने तिरफळ घालून त्यांची आमटी केली.